गाडीचा एसी: घरी हात घालावा की गॅरेजला न्यावी?

मार्च सरत आला की परभणी-नांदेडकडचा पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि हिवाळाभर बंद असलेला गाडीचा एसी नेमका तेव्हाच गार हवा देईनासा होतो. अशा वेळी घरीच दुरुस्ती करावी की गॅरेज गाठावे, याचा निर्णय खर्चावरून घेण्यापेक्षा बिघाड कोठे आहे यावरून घ्यावा, असे माझे मत आहे. हवेच्या वाटेतला बिघाड घरी निघतो. गॅसच्या बंदिस्त वाटेतला निघत नाही.

हवेच्या वाटेत केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा), पंखे आणि बॉनेटच्या जाळीमागील कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) येतात. कापूस जिनिंगच्या हंगामातील तंतू, ज्वारीच्या मळणीचा भुसा आणि कच्च्या रस्त्यांची धूळ कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत इतकी बसते की उष्णता बाहेर पडण्यास जागाच उरत नाही. इंजिन थंड असताना साध्या नळीच्या मंद धारेने तो धुतला तर पुष्कळ फरक पडतो. मात्र सर्व्हिसिंग सेंटरसारखा जोरदार फवारा मारल्यास पत्रे वाकतात. गाडी धावताना हवा गार आणि फाटकावर उभी राहिली की गरम, असे होत असेल तर कंडेन्सर तुंबला आहे किंवा त्याचा पंखा फिरत नाही, असे समजावे. पंख्याचा फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. पायाशी पाणी साचत असेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ही सर्व कामे सुटीच्या एका सकाळी होतात.

गॅसचे तसे नाही. एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. बाजारात मिळणारा डबा आणून घरी गॅस भरणे स्वस्त वाटते, पण त्याने गळती थांबत नाही आणि नेमका किती गॅस गेला हेही कळत नाही. अनेक लहान गाड्यांत जेमतेम अर्धा किलोच्या आसपास गॅस लागतो व त्याचे नेमके वजन बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. गॅस जास्त झाला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. केवळ कमी दाबाच्या बाजूला लावलेल्या मीटरवर विसंबणेही चुकीचे, कारण बाहेरच्या उष्णतेनुसार तो आकडा बदलतो. शिवाय अनेक गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा गॅस सुमारे उणे २६ अंशांवर उकळतो. त्याची अतिथंड धार हातावर किंवा डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. गळती बंद करणारे म्हणून विकले जाणारे द्रव तर घालूच नये, कारण ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेत, अडकू शकते.

गॅरेजचा मार्ग निवडला म्हणजे काम चांगले होईलच, असेही नाही. माझ्या गाडीत एकाच उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला गेला आणि दोन्ही वेळा तो महिन्याभरात गेला. गळती डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलच्या सांध्यात होती आणि ती कोणी तपासलीच नव्हती. म्हणून गॅस भरण्यापूर्वी नायट्रोजनच्या दाबावर गळती तपासणार का, आतली हवा व ओलावा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवणार का आणि गॅस वजनावर भरणार का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. व्हॅक्यूम न करता भरल्यास आतला ओलावा गॅस व कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि आतील भाग गंजतात. सांध्याभोवती तेलकट, धुळीने काळा पडलेला डाग दिसला तर तो मेकॅनिकला आवर्जून दाखवावा, कारण गॅसबरोबर तेलही झिरपत असते.

तालुक्याच्या गावी व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असलेले गॅरेज नसेल, तर छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडची फेरी महाग वाटली तरी तीच करावी. नव्या गाडीत आर-१२३४वायएफ गॅस असेल तर घरच्या प्रयोगाचा विचारही करू नये. तो महाग आणि काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. मात्र शहराकडे निघण्याआधी फिल्टर काढून झटकावा, कंडेन्सर धुवावा आणि एसी लावून पंखा फिरतो का ते पाहावे. एवढ्यानेच हवा गार येऊ लागली, तर पुढची फेरी वाचते.