पेडल स्टील गिटारच्या नादात ३,१३५ डॉलर गेले

आधीच सांगते, "एवढी शिकलेली माणसं फसतात तरी कशी?" हे वाक्य माझं ऐकून झालंय. नवऱ्याकडून दोनदा, दिराकडून एकदा, आणि बँकेतल्या पोरीने तर तोंड न उघडता ऐकवलं. तेव्हा ते सोडून बाकी काय म्हणायचं ते म्हणा.

आकडे असे. ५०० डॉलर विसार, फोनवरच्या ॲपमधून. २,१५० डॉलर वायर ट्रान्स्फर. १६५ डॉलर खोक्यात बांधून पाठवण्याचे. ३२० डॉलर "माल पोचला की परत मिळणारा विमा". एकूण ३,१३५. त्यावर आणखी ४५० मागितले तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. गिटार अर्थातच आली नाही.

हे सगळे प्रकार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. शेजारणीला मीच सांगायचे, "अगं, न बघता पैसे पाठवायचे नसतात."

पण पेडल स्टीलची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ही सबब नाही. (बरं, थोडी आहे.) साधी गिटार कुठल्याही दुकानात भिंतीवर टांगलेली असते. पेडल स्टील इथे अमेरिकेत, जिथे ती जन्मली तिथेसुद्धा, बहुतेक दुकानांत बघायला मिळत नाही. टेबलासारखी चार पायांवर उभी, दहा तारा, डाव्या हातात पोलादी बार, बोटांत पिक, डावा पाय पेडलांवर, उजवा व्हॉल्यूम पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांनी ढकलायचे लीव्हर. पेडल दाबलं की ठरावीक तारा ठरावीक स्वरावर चढतात, वाजता वाजता. मी लग्नाआधी आठ वर्षं सतार शिकले. कंट्री गाण्यांत मागे जो मींडेसारखा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा ओला आवाज येतो तो या वाद्याचा हे कळलं, तेव्हापासून डोक्यात किडा होता. मुलगा कॉलेजला गेला, खोली रिकामी झाली, आणि मी शोधायला लागले.

अभ्यास न करता उडी मारली असंही नाही. नवशिक्याने निदान ३ पेडल आणि ४ गुडघा-लीव्हर असलेली घ्यावी, त्याहून कमीची "विद्यार्थी मॉडेलं" घेऊन वर्षभरात पस्तावायची वेळ येते, हे वाचलं होतं. एस-१० म्हणजे एकच मान, तारा ई-नाइन्थ या पद्धतीने लावलेल्या. डी-१० म्हणजे दोन माना, दुसरी सी-सिक्स्थ, जिला नवशिक्या कित्येक वर्षं हात लावत नाही आणि वजन मात्र उचलत बसतो. म्हणजे मला हवी होती एस-१०. सरळ हिशेब.

आणि मग ती जाहिरात दिसली. एमन्स या नावाजलेल्या कंपनीची पुश-पुल (तिच्या जुन्या यंत्रणेचा प्रकार), डी-१०, ८ पेडल, ५ लीव्हर, काळं लॅकर, २,८०० डॉलर. ज्यांना या नावाचं वजन माहीत आहे त्यांना कळेल माझं काय झालं असेल. अशा गिटारी या भावात सहसा मिळत नाहीत, आणि नेमकं तेच मला "संशयाचं कारण" न वाटता "नशीब" वाटलं. घासाघीस करून २,६५० वर आणली. घासाघीस जमली म्हणून स्वतःवर खूश होते, हे विशेष. जो माल द्यायचाच नाही त्यावर दीडशे सोडायला कुणाचं काय जातं?

माणूस स्वतःला नॅशव्हिलजवळचा म्हणवत होता. आमच्यापासून ८०० मैल. फोटो चौदा, एकाहून एक स्वच्छ. तळाचाही फोटो, त्यात पेडलचा जोर तारांपर्यंत नेणारी यंत्रणा: आडवे शाफ्ट, बेलक्रँक, तारेसारख्या सरळ पुल रॉडची रांग. मी मोठा करकरून बघितला, पाहुण्यांना दाखवला.

आता तो प्रसंग. याच्यामुळे रात्री अजून कूस बदलते.

जुनी पेडल स्टील घेताना विचारायचा एक प्रश्न म्हणजे "कॅबिनेट ड्रॉप किती?" पेडल दाबताना यंत्रणा तारा ओढते, त्या ताणाने लाकडी खोका केसभर वाकतो, आणि ज्या तारांचा त्या पेडलशी काही संबंध नाही त्याही किंचित उतरतात. थोडं प्रत्येकीत असतं. जास्त असेल तर गिटार बेसूर लागते. मी मोठ्या ऐटीत विचारलं. उत्तर आलं: "अजिबात नाही मॅडम, कधीच पडलेली नाही. घराबाहेरसुद्धा नेलेली नाही."

मी हसले. हो, हसले. मोठ्याने. आणि मनात म्हटलं, बिचारा, मामाची गिटार वारशाने आलेली, याला काय माहीत! कारण त्याने आदल्याच दिवशी कळवलं होतं की गिटार वारलेल्या मामाची आहे. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या निरोपात, त्याने लिहिलं होतं की "मी स्वतः अकरा वर्षं वाजवतोय." दोन्ही निरोप त्याच स्क्रीनवर होते. अंगठा जरा वर सरकवला असता की झालं. अकरा वर्षं पेडल स्टील वाजवणारा माणूस कॅबिनेट ड्रॉप म्हणजे गिटार आपटणं समजेल? आठ वर्षं सतार शिकलेल्याने "जवारी" (सतारीच्या घोडीची घडण, जिच्यावर नाद ठरतो) हे आडनाव समजण्यासारखं आहे ते.

आणि मी काय केलं? त्याला समजावून सांगितलं! शिकवायची हौस. आठ ओळींचा निरोप लिहिला: ट्यूनर लावा, चौथी तार ई वर नीट लावून घ्या, मग ए आणि बी पेडल एकदम दाबा, या दोन्ही पेडलांचा चौथ्या तारेशी संबंध नाही, तरी काटा किती खाली येतो ते बघा. अर्ध्या तासाने उत्तर: "बघितलं मॅडम, अगदी नगण्य." मी ५०० पाठवले.

विसार पाठवताना त्याने ॲपमधला "मित्र-नातेवाईक" हा पर्याय निवडायला सांगितलं, फी वाचते म्हणून. हा पर्याय निवडला की खरेदीचं संरक्षण जातं. अनोळखी माणूस तुम्हाला मित्र व्हायला सांगतो तेव्हा त्याला मित्र करू नका. क्रेडिट कार्ड घेणार नसेल तर फोन ठेवा. कार्डावर न आलेल्या मालाची तक्रार स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी करता येते, तसा इथे कायदाच आहे. वायरला तसलं काही नाही, वायर म्हणजे खिडकीतून नोटा फेकणं.

दुसरी खूण पावती. २,१५० गेल्यावर पाठवल्याची पावती आली, छान शिक्का वगैरे. वजन: २४ पौंड. डी-१० केससकट सत्तर पौंडांच्या आसपास भरते, नुसती केससुद्धा हमालाला घाम फोडते. मी पावती बघितली, ट्रॅकिंग नंबर बघितला, तारीख बघितली. वजनावरून नजर घसरून गेली, कारण तोवर मी व्हॉल्यूम पेडल, बार, पिक आणि तारांचे दोन संच घेऊन ठेवले होते. तिसरी तार फार तुटते म्हणून ०.०११ च्या सहा सुट्या. तो पाऊण इंचाहून जाड, गुळगुळीत, थंड बार हातात घेऊन मी जेवणाच्या टेबलावर सरकवण्याचा सराव करत होते. नवऱ्याने बघितलं. काही बोलला नाही तेव्हा.

४५० ची मागणी आली त्या रात्री मुलाला फोन केला. "आई, फोटो उलटा शोधलास का?" म्हणाला. म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आलाय ते बघणं. चाळीस सेकंद लागली त्याला. तेच चौदा फोटो, चार वर्षांपूर्वीच्या कुणाच्यातरी खऱ्या विक्रीतले, त्या गिटारीखाली "विकली गेली" असं लिहिलेलं.

आता आपल्या रक्षणकर्त्यांकडे वळू.

पोलिसांचा बिगर-तातडीचा नंबर. तिथल्या साहेबांना तीनदा सांगितलं, पेडल स्टील गिटार. रिपोर्टची प्रत आली त्यात लिहिलंय "गिटार पेडल". गिटार पेडल म्हणजे तो पायाने दाबायचा छोटा डबा, शंभर-दीडशे डॉलरला मिळणारा! दुरुस्ती करा म्हटलं तर म्हणे पुरवणी जबाब द्यायला प्रत्यक्ष या. गेले. अर्धा दिवस रजा. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की आरोपी दुसऱ्या राज्यात आहे, तिकडे तक्रार करा. तिकडे फोन केला तर म्हणे, तुम्ही राहता तिथे करा. दोघांनाही विचारलं, मग चोर कुठल्या राज्यात राहिला म्हणजे तुम्हाला चालेल? हे मी खरंच विचारलं. पलीकडून "मॅम, आवाज खाली."

बँक. ४७ मिनिटं ते मंजूळ संगीत. (त्यात मागे पेडल स्टील वाजत होती. देवाशप्पथ.) मग ती पोरगी. म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, तुमचं खातं कुणी फोडलेलं नाही, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही. कायद्याचं म्हणाल तर तिचं बरोबर आहे, आणि तेच संतापजनक आहे. चोराने पासवर्ड चोरला तर संरक्षण, चोराने तुम्हालाच गोड बोलून बटण दाबायला लावलं तर "तुम्हीच दाबलंत ना?" वायर परत मागवण्याचा अर्ज तिने घेतला, पण सहाव्या दिवशी. पहिल्या एक-दोन दिवसांत बोंब मारली असती तर कदाचित पैसे वाटेत अडकले असते. फसल्याचा वास आला की त्याच तासाला बँकेला फोन करा, लाज नंतर. मी दोन दिवस लाजेतच घालवले. ज्या बँकेत पैसे गेले ती माझ्याशी बोलायला तयार नाही, कारण मी त्यांची ग्राहक नाही. चोर आहे ना ग्राहक!

आणि बँकेच्या शेवटच्या पत्रात कारण दिलंय की पोलीस रिपोर्टमधली वस्तू आणि दाव्याची रक्कम जुळत नाही. गिटार पेडल, ३,१३५ डॉलर. बरोबर आहे. नाहीच जुळत.

फेडरल सरकारच्या सायबर पोर्टलवर अर्ज भरला, तक्रार क्रमांक मिळाला, त्यापुढे शांतता. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडून सुंदर लेटरहेडवर उत्तर आलं की आम्ही ग्राहक आणि व्यवसाय यांच्यात मध्यस्थी करतो, समोरचा व्यवसाय दिसत नाही. अहो, व्यवसायच आहे त्याचा!

असो. नसो, खरं तर.

तीन महिन्यांनी एस-१० घेतली. १,७०० डॉलर. तीन तास गाडी चालवून एका सत्तरीच्या वादकाकडे गेले, पैसे खिशातच ठेवले. त्यांनी मी काही विचारायच्या आत गिटार गालिच्यावर उलटी केली आणि प्रत्येक पुल रॉड बोटाने हलवून दाखवला. बी पेडल दाबलं की तिसरी आणि सहावी, दोन्ही, जी शार्पवरून ए या स्वरावर जायला हव्यात. त्यांनी आधी एक, मग दुसरी वाजवून दाखवली. ए पेडलला पाचवी आणि दहावी, बी स्वरावरून सी शार्प. तुम्ही व्हिडिओ कॉलवर हेच मागा: चेंजरच्या (तारांचा स्वर बदलणाऱ्या भागाच्या) टोकाजवळ कॅमेरा धरून तारेखालची धातूची बोटं हलताना दाखवा म्हणावं. फोटो चोरता येतात, तुम्ही आत्ता सांगितलेलं पेडल दाबणारा पाय चोरता येत नाही. लीव्हर आडवे खडखडतात का, नटाच्या (दुसऱ्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथल्या) रोलर फिरतात का की मळाने जाम झाल्यात, चेंजरच्या बोटांवर तारांच्या खाचा पडल्यात का, हे तेव्हाच बघून घ्या.

पेडल सोडलं की सहावी तार परतताना किंचित वर राहत होती. मी म्हटलं, मोडली का? ते म्हणाले, तहान लागलीये. खिडकी उघडली, लायटरमध्ये भरायचं नॅफ्था आणलं, घरातल्या सगळ्या ज्योती विझल्यात याची खात्री करून ड्रॉपरने चेंजरमध्ये सोडलं. खालच्या फडक्यावर काळं पाणी उतरलं, काजळ धुतल्यासारखं. पेडल वीसेक वेळा दाबलं, वाळू दिलं, मग सुईच्या टोकाच्या बाटलीतून पातळ तेलाचा एकेक थेंब. एकच. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. तार परत जागेवर येऊन बसली. मला आठवलं, त्या चोरालाही मी विचारलं होतं की चेंजर कशाने साफ करता. "दर आठवड्याला पॉलिश करतो मॅडम." तेही मी वाचलं होतं. तेही गोड वाटलं होतं.

निघताना त्यांना सगळी हकिगत सांगितली. कॅबिनेट ड्रॉपच्या उत्तरावर ते इतके हसले की खोकला आला. मग म्हणाले, तो प्रश्न चांगला आहे, सगळ्यांना विचारायला सांगा.

सांगणार होते. पण गेल्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा आली आहे. दुसरं नाव, दुसरं गाव, तेच चौदा फोटो, किंमत २,४०० डॉलर. मी त्या साइटकडे तक्रार केली. दोन मिनिटांत यांत्रिक उत्तर, जाहिरात आमच्या नियमांत बसते. वर्णन मात्र आता लांबलंय. खाली एक नवी ओळ आहे: "कॅबिनेट ड्रॉप अगदी नगण्य. ट्यूनर लावून, चौथी तार ई वर ठेवून, ए आणि बी पेडल एकदम दाबून तपासलेला."