ब्रेक नसलेले मशीन: लाकूड कापायचा चेनसॉ घेताना झालेली आमची फसवणूक

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. आमच्या परड्यातला जुना फणस, दोन आंबे, कुंपणाकडेचा ऐन आणि कितीतरी माड पडले. फणसाचे सरळ खोड फळ्यांसाठी बाजूला ठेवले. उरलेल्या फांद्या आणि आंब्या-ऐनाचे ओंडके मात्र पावसाळाभर तसेच पडून राहिले, कारण लाकूड कापणाऱ्या माणसांना त्या काळात गावोगावी बोलावणी होती आणि आमची पाळी येत नव्हती. आमच्याकडे गॅस आहे, पण न्हाणीतले पाणी आजही चुलीवरच तापते आणि आगोटीच्या आधी पडवीत सरपण रचले नाही तर पावसाचे चार महिने हाल होतात. त्यामुळे स्वतःचेच मशीन घ्यावे, असे माझ्या आणि धाकट्या दिरांच्या, म्हणजे भावोजींच्या, मनात आले. माझे यजमान नोकरीनिमित्त मुंबईत असल्यामुळे घरचे असे निर्णय आम्ही दोघेच घेतो. पुढे जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे, कारण आमच्यासारखी मशीन अजूनही विकली जात आहेत आणि त्यांत केवळ पैशांचा प्रश्न नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजाराच्या रस्त्यावर एक पिकअप गाडी उभी होती. मागच्या फळीवर सात-आठ चेनसॉ मांडलेले होते. त्यांचा रंग एका प्रसिद्ध परदेशी कंपनीच्या मशीनसारखा होता आणि नावही एखादे अक्षर बदलून तसेच वाचले जाईल असे लिहिलेले होते. प्रदर्शनातला माल उरला आहे, परत न्यायला वाहतुकीचा खर्च येतो, म्हणून निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकत आहोत, असे त्या दोघा विक्रेत्यांचे सांगणे होते. खोक्यावर ३८,००० रुपये छापलेले होते आणि ते १४,००० मागत होते. अधिकृत दुकानात आम्ही आधी चौकशी केली होती. तिथे ३५ सी.सी.चे, १६ इंची पट्टीचे (जिच्या कडेने कापणारी साखळी फिरते ती पट्टी) मशीन २४,००० रुपयांच्या आसपास सांगितले होते. इथे ६२ सी.सी. आणि २२ इंच, शिवाय दोन जादा साखळ्या फुकट. शिक्षिका म्हणून तीस वर्षे मुलांना गणित शिकवूनही त्या दिवशी मी फक्त हे मोठे आकडे पाहिले आणि लहान मशीन महाग, मोठे स्वस्त असे का, हा प्रश्न विचारलाच नाही.

विक्रेत्यांनी प्रात्यक्षिक दाखवले आणि खरे तर फसवणूक तिथेच झाली. गाडीत त्यांचा स्वतःचा एक ओंडका होता. त्यांनी मशीन चालू केले आणि पाहता पाहता चकत्या पाडल्या. लोणी कापावे तसे ते लाकूड कापले जात होते. तो ओंडका ओल्या पांगाऱ्याचा होता, हे सालीवरच्या काट्यांवरून मला तेव्हाच ओळखता यायला हवे होते. पांगारा इतका मऊ असतो की हातकरवतीनेही भराभर कापता येतो. नवी, धार लावलेली साखळी आणि ओला पांगारा एकत्र आले की कसलेही मशीन उत्तमच वाटणार. शेजारच्या वखारीतून वाळलेल्या, टणक ऐनाचा तुकडा मागून आणणे पाच मिनिटांचे काम होते. आम्ही ते केले नाही.

आम्ही रोख पैसे दिले. त्यांनी बिल दिले, त्यावर शिक्का होता, वॉरंटीचे कार्डही होते. घरी आल्यावर भावोजींनी मोबाइलवर जी.एस.टी. क्रमांक तपासायला घेतला, तेव्हा तो चौदाच अक्षरांचा निघाला. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या विक्रेत्याचा २७ ने सुरू होतो आणि जी.एस.टी.च्या संकेतस्थळावर टाकला की व्यापाऱ्याचे नाव दिसते. बिलाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘अंदाजपत्रक’ असे छापलेले होते, म्हणजे ते बिल नव्हतेच. छपाईची चूक असेल, अशी आम्ही त्या रात्री स्वतःची समजूत घातली.

पहिल्या दिवशी आंब्याच्या फांद्या कशाबशा कापल्या गेल्या. ऐनावर मशीन टेकवताच साखळी रखडायची आणि इंजिन बंद पडायचे. पट्टीतून धूर येऊ लागला आणि तिची कड निळसर पडली. चेनसॉला दोन टाक्या असतात: एकीत टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेले पेट्रोल आणि दुसरीत साखळीला लागणारे तेल. साधारणपणे पेट्रोलची टाकी संपत येते तोवर तेलाचीही बरीचशी रिकामी व्हायला हवी. आमच्या मशीनचे दोन टाक्या पेट्रोल जळले, तरी तेल भरले होते तेवढेच होते. तेल साखळीपर्यंत पोहोचतच नव्हते. हे विकत घेतानाच कळू शकते. मशीन चालू करून पट्टीचे टोक एखाद्या कोऱ्या कागदासमोर, त्याला न लावता, साधारण वीतभर अंतरावर धरावे आणि वेग वाढवावा. तेल येत असेल तर कागदावर तुषारांची रेघ उमटते. साखळी सैल पडली म्हणून फुकट मिळालेली साखळी चढवायला गेलो, तर ती बसेना. पट्टीच्या खाचेत फिरणारे दाते भावोजींनी मोजले: चालू साखळीत ७६ आणि फुकटच्या दोन्ही साखळ्यांत ७२. त्या साखळ्या दुसऱ्याच, आखूड पट्टीच्या होत्या. मग टेप लावून पट्टी मोजली, तेव्हा २२ इंच म्हणून घेतलेल्या पट्टीची कापायची लांबी २० इंचही भरली नाही.

तिसऱ्या दिवशी जे घडले ते आठवले की आजही माझ्या हाताला कंप सुटतो. भावोजी फणसाची फांदी कापत होते आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग मागच्या दुसऱ्या फांदीला लागला. असे झाले की मशीन उसळी घेऊन कापणाऱ्याच्या अंगावर येते. चांगल्या मशीनलाही हे होते. त्यासाठीच पुढच्या मुठीसमोर एक आडवा दांडा असतो. मशीन उसळले की डाव्या मनगटाचा धक्का त्याला बसतो, तो पुढे ढकलला जातो आणि क्षणार्धात साखळी जागच्या जागी थांबते. भावोजींच्या मनगटाचा धक्का बसला, दांडा पुढे गेला, ‘कट्ट’ असा आवाजही आला, पण साखळी फिरतच राहिली. सदऱ्याची बाही फाडून ती खांद्याला ओरखडा काढून गेली. चार बोटे इकडे गळा होता.

दुसऱ्या दिवशी फवारणी पंप आणि ग्रास कटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे मशीन नेले. त्यांनी बाजूचे झाकण उघडले आणि बराच वेळ काही न बोलता आत पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, ह्यात ब्रेकच नाही.” साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या डब्याभोवती पोलादी पट्टा असतो, तो आवळला गेला की साखळी थांबते. आमच्या मशीनमध्ये तो पट्टाच नव्हता. दांड्याला फक्त एक स्प्रिंग लावलेली होती, आवाज यावा म्हणून. पैसे वाचवण्यासाठी हलका धातू वापरणे मी समजू शकते, पण ब्रेक आहे असे वाटावे म्हणून आवाजाची सोय करणाऱ्याला कोणता माणूस म्हणावे, हे मला अजून कळलेले नाही.

इंजिनही उघडावे लागले, कारण पिस्टनवर उभे चरे पडले होते. कारागिराने व्हर्नियर लावून मापे घेतली: सिलिंडरचा व्यास ४३ मि.मी. आणि पिस्टनचा प्रवास ३१ मि.मी. घरी येऊन मी वहीत गुणाकार केला, तो ४५ सी.सी. आला. ६२ हा आकडा नुसता चिकटवलेला कागद होता. नंतर मला असेही समजले की घरच्या सरपणासाठी ६२ सी.सी. लागतच नाही. मांडीएवढ्या जाडीचे ओंडके कापायला ३० ते ४० सी.सी.चे इंजिन आणि १४ ते १६ इंचांची पट्टी पुरते. मोठी पट्टी जड होते, तिला ताकद जास्त लागते आणि नवख्या हातात तिचे टोक कुठे लागते याचा अंदाज येत नाही. फणसाच्या बुंध्यासारखे काम असेल तर ते रोजचा सराव असलेल्या माणसालाच द्यावे. अंगणापर्यंत वीज असेल तर विजेवर चालणारे मशीनही घरगुती कामाला चांगले. आम्ही ते निवडले नाही, कारण वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती आणि ती आठवण ताजी होती.

तक्रारीचेही प्रयत्न केले. कार्डावरचा फोन बंद लागला. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पण गाडीचा क्रमांक आम्ही पाहिला नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शनही मिळते. हे सगळे खरे असले तरी तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात लिहायला आमच्याकडे ना नाव होते ना पत्ता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पैसे हातातून सोडण्यापूर्वी खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, मूळ देश आणि महिना-वर्ष छापलेले आहे का, ते वाचावे. मशीनचा क्रमांक नुसत्या चिकटपट्टीवर असेल आणि धातूवर कोरलेला नसेल, तर शंका घ्यावी. जिल्ह्यात त्याची साखळी, पट्टी आणि सुटे भाग कोण देतो, हेही विचारावे. ऑनलाइन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी दाखवणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलेले आहे, तो न दाखवणाऱ्याकडून काहीही मागवू नये.

पुढे मार्चमध्ये आम्ही दुकानातून ३५ सी.सी.चे मशीन घेतले. जाताना परड्यातल्या ऐनाचा वाळका तुकडा बरोबर नेला. दुकानदारांनी नाराजी न दाखवता त्यावर मशीन चालवले, मंद गतीवर साखळी स्थिर राहते हे दाखवले आणि मग वेग वाढवून दांडा ढकलला. साखळी जागीच थांबली. मी ते तीन वेळा करून घेतले. त्यांनी कच्चे बिल दिले नाही, तर रीतसर करबिल दिले आणि साखळीला धार लावायला ४ मि.मी.ची गोल कानसही दिली.

जुने मशीन घ्यायला दोनदा गिऱ्हाईक आले. एकाने ४,००० रुपये देऊ केले. भावोजींनी ब्रेक नसल्याचे सांगितले, तरी तो म्हणाला की चालेल, मी जपून वापरीन. आम्ही दिले नाही. त्याची साखळी काढून टाकली आहे आणि बाजूचे झाकण उघडेच ठेवून ते पडवीत सरपणाच्या शेजारी ठेवले आहे. गावात कोणी नवे मशीन घ्यायला निघाले की आमच्याकडे येतात आणि भावोजी त्यांना क्लचच्या डब्याभोवतीची ती रिकामी जागा बोट लावून दाखवतात.