जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विमा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

श्टुटगार्टमध्ये नोकरीला लागल्यापासून, म्हणजे गेले चौदा महिने, मी जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याचा सदस्य आहे. व्हिसासाठी पुण्यातून घेतलेल्या स्वस्त पॉलिसीची सवय असल्याने पहिल्या पगारातील कपात पाहून मी अस्वस्थ झालो होतो. मूळ हप्ता पगाराच्या 14.6 टक्के असून त्यातील निम्मा कंपनी भरते; तरीही चार हजार युरोंच्या पगारातून 292 युरो जातात. शिवाय विमा संस्थेचा अतिरिक्त हप्ता आणि शुश्रूषा विमा (म्हातारपणी किंवा आजारात दीर्घकाळ देखभाल लागल्यास त्या खर्चासाठीचा) वेगळा, आणि मूल नसलेल्या सदस्याला तेविशीनंतर शुश्रूषा विम्यात आणखी थोडी भर घालावी लागते. पंचविशीतल्या धडधाकट माणसाला हे जाचक वाटते.

सातव्या महिन्यात एका रात्री पोटात असह्य कळ आली. दवाखाने बंद असताना वैद्यकीय मदत देणाऱ्या सेवेच्या 116117 या क्रमांकावर फोन केल्यावर त्यांनी मला थेट रुग्णालयात जाण्यास सांगितले. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. दाखल होताना त्यांनी माझे विमा कार्ड यंत्रात घातले, सही घेतली, आणि अनामत रकमेचा विषयही निघाला नाही. भारतात वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांनी घरी सोडल्यावरही टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, मंजुरीसाठी आम्ही संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होतो, त्याची मला त्या क्षणी फार आठवण झाली. दाखल झाल्याचा आणि सोडल्याचा दिवस धरून चार दिवसांचे, रोजचे दहा याप्रमाणे, चाळीस युरोंचे पत्र नंतर टपालाने आले. माझा खर्च तेवढाच. आजारपणाचा दाखला डॉक्टरांकडून विमा संस्थेकडे आणि तेथून कंपनीकडे परस्पर गेला. मला फक्त कंपनीला कळवावे लागले, आणि रजेच्या काळात पगार पूर्ण मिळाला.

तक्रार आहे ती वेळ मिळण्याबद्दल. त्वचारोगतज्ज्ञाकडे मला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. फॅमिली डॉक्टरने शिफारसपत्रावर तातडीचा संकेतांक दिला, तर त्याच 116117 च्या सेवेतून चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवता येते, हे मला फार उशिरा कळले. नव्याने येणाऱ्यांनी म्हणूनच बरे असतानाच घराजवळचा फॅमिली डॉक्टर गाठून नाव नोंदवावे. ताप अंगात असताना नवे रुग्ण घेणारा दवाखाना शोधणे फार कठीण जाते.

दातांच्या बाबतीत संरक्षण तोकडे आहे. तपासणी विम्यात बसते, परंतु व्यावसायिक सफाईचे पैसे सहसा स्वतः भरावे लागतात. काही विमा संस्था त्यातील काही भाग परत देतात, म्हणून संस्था निवडताना ते विचारून घ्यावे.

कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असते आणि सहलीत ते उपयोगी पडते, मात्र भारतात ते चालत नाही. दिवाळीला घरी जाताना मी तीन आठवड्यांचा वेगळा प्रवास विमा काढला.