सलूनचं १८०० चं ग्रूमिंग पॅकेज: नवरदेवाला ठीक, बाकीच्यांनी सुटं घ्या

लग्नसराई चालू झाली की संभाजीनगरात सगळे एसी सलूनवाले पॅकेज विकायलेत. भावाचं लग्न ठरलंय म्हणून आम्ही दोघांनी कॅनॉटकडच्या एका सलूनात केलं, नाव टाकत नाही. १८०० मध्ये कटिंग, दाढी, डीटॅन (उन्हानं काळवंडलेली कातडी उजळवायचा लेप), फेशियल, हेअर वॉश आन् डोक्याची मालिश, वरून ५ टक्के जीएसटी म्हणजे १८९०. सप्टेंबर २०२५ च्या आधी हाच जीएसटी १८ टक्के होता, त्यामुळं बिल नीट बघत जा.

कटिंग एक नंबर झाली, खरंच. कारागिरानं केस ओले करायच्या आधी भोवरा कुठंय ते बघितलं आन् तिथले केस मुद्दाम थोडे लांब ठेवले, नाहीतर ते उभेच राहतात. मशीन फक्त कानाच्या वर, बाकी सगळं कैचीनं. दाढीची लाईन मारताना नवीन ब्लेड समोर फोडलं, अर्धं मोडून वस्तऱ्यात घातलं. हे गल्लीतल्या साध्या दुकानात पण बघूनच घ्या, लोक फक्त एड्सला भितात पण कावीळ बी चा व्हायरस अंगाबाहेर सुद्धा आठवडाभर टिकतो.

हेअर वॉश पण आवडला कारण त्यांच्याकडं पाण्याला सॉफ्टनर बसवलेला आहे. आपल्याकडं घरोघरी बोअरचं खारं पाणी, शाम्पूला फेस येत नाही आन् केस राठ होतात, त्यामुळं फरक लगेच हाताला लागतो.

डीटॅनचं मात्र लई चुकलं. आधी दाढी केली आन् त्याच गालावर लगेच ब्लीचवालं डीटॅन फासलं, त्वचा कशी आहे, कधी कशाची ॲलर्जी आली का, काहीच विचारलं नाही. भावाची आग आग झाली, गाल दुसऱ्या दिवशी पण लाल. ब्लीच असेल तर एक दिवस आधी कानामागं थोडं लावून बघायचं असतं, आन् दाढी त्या दिवशी करायचीच नसते. एवढे पैसे घेता तर एवढं तरी माहीत पाहिजे ना राव. आन् भाऊ तोंडाला पॅक लावून पडलेला असताना केरॅटीन (केस मऊ, सरळ करायची ट्रीटमेंट) करा, केरॅटीन करा म्हणून मागं लागणं तर अजिबात पटलं नाही.

माझ्यासारखा जो रोज जालना रोडनं गाडीवर चिकलठाणा एमआयडीसीत जातो त्यानं दर महिन्याला डीटॅन करून काय उपयोग, उन्हाळ्यात चार दिवसात पुन्हा तेच. रुमाल बांधा, सनस्क्रीन लावा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तेवढ्यासाठी कटिंग, दाढी आन् वॉश सुटं घेतलं तर इथं ६५० मध्ये होतं, मी तेच करणार.

नवरदेव असेल तर पॅकेज घ्या पण लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणजे काही लाल झालं तरी उतरायला वेळ राहतो. हळदीच्या आदल्या दिवशी फक्त दाढीची लाईन मारून घ्या. बुक करताना कारागीर कोणता ते सांगून बुक करा आन् रविवार टाळा, त्या दिवशी गर्दीत कोणाचाही हात लागतो.