ट्यूबवरचा चांदीचा डाग आणि माझे साडेअकरा हजार

मी मालवणजवळच्या गावात राहतो. दिवसा शाळेत गणित शिकवतो आणि गणपतीपासून शिमग्यापर्यंत आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) पंधरा वॅटचा, ट्यूबवाला, म्हणजे आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला, जुना घेतलेला. गेल्या पावसात तो दोन-अडीच महिने झाकून पडला होता. नागपंचमीच्या सुमारास चालू केला तर आवाजाचा पार विचका. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर, मध्येच आवाज बसायचा, टपली मारली की परत यायचा. गिटारच्या गंजलेल्या तारा बदलल्या, केबल बदलली, फरक शून्य. आणि गणपती तोंडावर.

दीड तासावरच्या शहरात एक दुरुस्तीवाला आहे. नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पावती नाही. (गणिताचा मास्तर आणि पावती घेतली नाही, हे बायकोने पुरेसं ऐकवलंय.) त्याने अ‍ॅम्पची पाठ उघडली, एक ट्यूब उपसून उजेडात धरली. काचेच्या डोक्याशी आतून काळपट चांदीसारखा डाग. "सर, हे बघा, जळालीय. सगळ्यांचं हेच. दोन ईएल८४, तीन १२एएक्स७, पूर्ण सेट बदलावा लागेल." (ही ट्यूबांच्या प्रकारांची नावं.) मला पटलं. डाग डोळ्यांनी दिसत होता ना! साडेअकरा हजार रोख दिले. जुन्या ट्यूबा मागितल्या तर "त्या कचऱ्यात गेल्या" म्हणाला, फक्त ती डागवाली पुरावा म्हणून हातात ठेवली. मीही ती जपून खिशात घातली.

दुकानात आवाज मात्र झकास आला. मी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही व्हिडिओ मोबाइलवर काढले होते, ते महिन्याभराने नीट पाहिले. आधीच्यात मिडचं, म्हणजे मधल्या सुरांचं बटण शून्यावर, व्हॉल्यूम तीनवर. नंतरच्यात मिड सहावर, व्हॉल्यूमही सहावर. गिटारचा जीव मिडमध्येच असतो, तो काढून टाकला की कुठलाही अ‍ॅम्प पोकळ वाजणार. शिवाय आवाज मोठा झाला की कानाला खर्ज आणि वरचे सूर जास्त भरीव वाटतात. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून दाखवलंय. म्हणजे मला जे 'सुधारलेलं' वाटलं त्यातलं निम्मं बटणांचं काम होतं.

गणपती पार पडले. तिसऱ्या आठवड्यात खरखर परत. त्याला फोन केला तर आता ट्रान्सफॉर्मर बदलायचं सांगायला लागला.

मग मी अ‍ॅम्प घेऊन शेजारच्या गावातल्या एका आजोबांकडे गेलो. तरुणपणी ते व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. गिटारशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी खिशातली ट्यूब पुढे केली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुका कोणी सांगल्यान हो जळलो म्हणान? ही चांदी आसताच. पांढरी पडली तर हवा शिरली म्हणान समज." मग अ‍ॅम्पच्या पाठीत वाकून बघितलं. "आणि ह्या नव्यांवर पण आसा मां?"

होता. पाचही ट्यूबांवर. मी कधी पाहिलाच नव्हता. ट्यूब बनवताना आत उरलेली हवा शोषून घ्यायला तो धातूचा थर मुद्दाम उडवलेला असतो. त्यातल्या तीन 'नव्या' ट्यूबांच्या पिनांवर जुने ओरखडे होते, काचेवरची अक्षरं पुसलेली. खोकी मी पाहिलीच नव्हती. माझ्या चांगल्या ट्यूबा आता कुणाला 'नव्या' म्हणून गेल्या असतील, देव जाणे.

खरा आजार खाऱ्या हवेचा होता. सॉकेट, बटणं आणि जॅक यांवर गंजाची पुटं चढली होती. ट्यूबा काढून घालताना पिना घासल्या गेल्या, म्हणून तीन आठवडे बरं वाटलं. आजोबांनी साडेतीनशेचा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारला, बटणं वीस-पंचवीस वेळा फिरवली, ट्यूबा दोनदा काढून घातल्या. खरखर गेली. स्वतः पाठ उघडू नका, हेही त्यांनी बजावलं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

तुमच्यावर ही वेळ आली तर पूर्ण सेट बदलायला होकार देऊ नका. चांगली आहे हे नक्की माहीत असलेली एक १२एएक्स७ पाळीपाळीने तिन्ही जागी घालून बघायला सांगा, दोषी असेल ती लगेच कळते. अ‍ॅम्प चालू असताना दुरुस्तीवाल्याने पेन्सिलीने काचेवर हलकेच टकटक केलं आणि स्पीकरमधून टणटण आली, तर ती ट्यूब संशयित. आवाज आधी-नंतर ऐकताना बटणांच्या खुणा त्याच ठेवायला लावा. जुने भाग मागायचे ते काम सुरू होण्याआधी.

दुकानात परत फोन केला. "पावती घेऊन या, बघू," म्हणाला. 'जळालेली' म्हणून दिलेली ती ट्यूब सध्या माझ्या अ‍ॅम्पमध्ये पहिल्या सॉकेटात आहे. नवरात्रात नऊही रात्री वाजली.