घर मुलांच्या नावावर: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

आईवडील सत्तरीला आले की घरात विषय निघतोच, 'आता फ्लॅट आमच्या नावावर करून टाका.'

बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी हयातीतच जाते. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा), त्यामुळे हा मार्ग स्वस्त वाटतो. पण कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर घर चालायचं, ते कागदोपत्री मुलाच्या घरी राहू लागतात. द्यायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट दस्तात लिहूनच घ्या. ती मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३खाली न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. अट ऐकून मुलाचा चेहरा पडेल. पडू दे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. हयातीत कितीदाही बदलता येतं. भांडणं मात्र मागच्यांच्या वाट्याला येतात, मुलीला वगळलं असेल तर हमखास. आणि घर हिंदू एकत्र कुटुंबाचं, वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर तिचा हिस्सा मुलाइतकाच. तो वडिलांना परस्पर वाटून टाकता येत नाही.

माझं मत मृत्युपत्राच्या बाजूने, विशेषतः आई मागे राहणार असेल तर.