प्रीअ‍ॅक्शन स्प्रिंकलर: सिंगल इंटरलॉक घ्यावा की डबल?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने परवा फोन करून विचारलं, "रेकॉर्ड रूमला प्रीअ‍ॅक्शन बसवायचं ठरलंय. ठेकेदार म्हणतो सिंगल पुरे, आमचा पोरगा म्हणतो डबल घ्या. तुम्ही दोन्ही वापरलंय, तुम्हीच सांगा." फोनवर जे सांगितलं ते जरा विस्कळीत झालं, म्हणून इथे नीट लिहितो. प्रीअ‍ॅक्शन म्हणजे अशी स्प्रिंकलर सिस्टिम, जिच्या पाइपात एरवी हवा असते आणि डिटेक्टरने इशारा दिल्यावरच व्हॉल्व्ह उघडून पाणी आत येतं. इंटरलॉक म्हणजे पाणी सोडण्याआधी पुरी व्हावी लागणारी अट, सिंगलला एक, डबलला दोन. कायम पाण्याने भरलेल्या साध्या ओल्या पाइपापेक्षा हे महाग पडतं.

माझा अनुभव असा. होनग्याच्या बाजूला, हायवेलगतच्या कागदपत्रांच्या एका गोदामात मी मेंटेनन्स सांभाळायचो. तिथे सिंगल इंटरलॉक होता. नंतर एका कोल्ड स्टोरेजला आलो. तिथे फ्रीझरच्या खोल्यांना डबल होता आणि तिथे दुसरा पर्यायही नव्हता, कारण उणे तापमानात पाइपात चुकून पाणी गेलं की बर्फ होऊन पाइपच बंद. अलीकडे नव्या रेकॉर्ड हॉलसाठी निवड माझ्यावर आली तेव्हा मात्र दोन्ही दारं उघडी होती.

फरक एका वाक्यात सांगायचा तर असा: सिंगलमध्ये डिटेक्टरने धूर हुंगला की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाइप पाण्याने भरून तयार राहतो, पाणी बाहेर मात्र तेव्हाच पडतं जेव्हा एखाद्या हेडचा, म्हणजे पाइपाच्या फवाऱ्याचा, काचेचा बल्ब उष्णतेने फुटतो. डबलमध्ये डिटेक्टर वाजला पाहिजे आणि पाइपातली हवाही गेली पाहिजे, म्हणजे हेड फुटलेलं पाहिजे. दोन्ही झाल्याशिवाय पाण्याचा थेंब पाइपात शिरत नाही. दोन्हींत नुसतं हेड तुटलं, समजा फोर्कलिफ्टचा दांडा लागून, तर हवा जाते, बझर वाजतो, पाणी येत नाही. फाइली कोरड्या. या बाबतीत दोघं सारखेच.

आता सिंगलच्या बाजूने जे आहे ते आधी मोकळेपणाने सांगतो. आग खरी असेल तर सिंगल लवकर पोचतो. बल्ब फुटायच्या आतच पाइप भरलेला असतो, त्यामुळे तो जवळजवळ ओल्या सिस्टिमसारखा वागतो. डबलमध्ये हेड फुटल्यावर हवा बाहेर पडायची, मग व्हॉल्व्ह उघडायचा, मग पाणी टोकापर्यंत धावायचं. एनएफपीए १३ या अमेरिकी स्प्रिंकलर मानकात म्हणूनच डबलसाठी हिशोबाचं क्षेत्र (जेवढ्या जागेवर हेड एकाच वेळी चालू होतील असं धरतात ते) ३० टक्क्यांनी वाढवून धरायला सांगितलंय. सिंगलला ती वाढ नाही. ३० टक्के म्हणजे पंप मोठा, टाकी मोठी, पाइप जाड. ठेकेदार सिंगल सुचवतो तेव्हा तो काही चुकीचं सांगत नाही. उंच रॅकवर खोकी रचलेली असतील, आग झपाट्याने वर चढेल असा माल असेल, तर मीही डिझाइनरचं ऐकून सिंगलकडेच जाईन.

पण होनग्याच्या गोदामातली एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

जुलै होता. पाऊस असा की शटरच्या बाहेरचं काही दिसत नव्हतं. रात्री करंट गेला, जनरेटर सुरू झाला आणि वाऱ्याने त्याचा धूर सरळ डॉकच्या अर्धवट उघड्या शटरमधून आत घुसला. शटर अर्धवट का होतं हा वेगळा विषय. दोन्ही झोनचे डिटेक्टर एकापाठोपाठ वाजले, सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह सोडणारी विजेची कळ) २४ व्होल्ट मिळाले आणि व्हॉल्व्ह उघडला. वॉचमनचा फोन आला, "साहेब, घंटा वाजालीय, पण धूर कुठं दिसंना." घंटा म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारी भिंतीवरची घंटा. ती वाजतेय म्हणजे पाणी व्हॉल्व्ह ओलांडून पाइपात गेलं, हे मला फोनवरच कळलं.

आत एकही फाइल भिजली नव्हती. सिस्टिमने अगदी नियमाप्रमाणे काम केलं होतं. तरीही पुढचे दोन दिवस आमचे गेले, ते फक्त पाइप रिकामे करण्यात.

रीसेट करणं ज्याने केलंय त्याला सांगायला नको, पण ज्याने फक्त ठेकेदाराकडून ऐकलंय त्याच्यासाठी: पाण्याची मुख्य चावी बंद, प्राइमची (व्हॉल्व्ह दाबून बंद ठेवणाऱ्या पाण्याची) चावी बंद, मुख्य ड्रेन उघडा. मग पॅनेल रीसेट करा म्हणजे सोलेनॉइड बसतो. ड्रेनमधून पाणी थांबलं की (आमच्यासारखा झाकणाचा व्हॉल्व्ह असेल तर आतली झडप, म्हणजे क्लॅपर, आधी हाताने बसवून) प्राइम पुन्हा उघडून डायफ्रामच्या मागच्या खोलीत पाणी भरा, त्यातली हवा काढा, गेज स्थिर होईपर्यंत थांबा. पाइपात हवा भरा. बॉल ड्रिपची, म्हणजे व्हॉल्व्हमधून पाणी झिरपतंय का ते दाखवणाऱ्या छोट्या निचऱ्याची, कळ दाबून पाहा, पाणी नको. मग मुख्य चावी पाव-पाव फेरा करत सावकाश उघडा आणि पुन्हा बॉल ड्रिप पाहा. हे सगळं शांतपणे तासाभरात होतं. आम्ही प्रत्येक चावीला नंबराचे पत्र्याचे बिल्ले अडकवले होते आणि भिंतीवर मराठी-कन्नड दोन्हींत क्रम लिहिला होता, म्हणजे रात्रपाळीला कुणीही असो, "आधी ३, मग ५" एवढंच सांगावं लागे.

वेळ जातो तो मुख्य ड्रेनच्या पलीकडे. पाइप जिथे जिथे खाली झुकतो तिथे पाणी अडतं आणि ते मुख्य ड्रेनने येत नाही. फाट्याच्या पाइपांना मीटरला ४ मिलिमीटर आणि मुख्य पाइपांना २ मिलिमीटर उतार द्यावा असा संकेत आहे. कागदावर तो होता. प्रत्यक्षात बीमखालून, डक्टखालून पाइप नेताना फिटर खाली वळवतो, आणि प्रत्येक वळणाला एक लो पॉइंट जन्माला येतो. आमच्या नकाशात असे दहा होते. फिटर मामा शिडी, बादली आणि बॅटरी घेऊन एकेकापाशी चढत होते. पहिल्या बादलीत काळपट पाणी, दुसरीत गंजाचा चहा. एका ड्रेनचा कॉक इतका जाम झाला होता की मामांनी फडकं गुंडाळून पाइप पाना लावला, तर कॉकचा दांडाच हातात आला. ते दुरुस्त होईस्तोवर सिस्टिम बंद, आणि सिस्टिम बंद म्हणजे रात्रभर दोन माणसं गस्तीला.

चार महिन्यांनी, दिवाळीनंतर, एका खोक्यावर तांबूस डाग दिसला. वर पाहिलं तर केबल ट्रेच्या मागे अकरावा लो पॉइंट, नकाशात नसलेला. जुलैचं पाणी तिथेच बसलं होतं. अर्धा पाइप पाणी आणि वर कॉम्प्रेसरची ताजी हवा. गंजाला आणखी काय लागतं? पाइपाच्या पोटाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. गंमत अशी की ज्या फाइली आगीपासून आणि पाण्यापासून वाचवायला आम्ही एवढा महागडा खटाटोप केला, त्यांच्यावर पाणी पडलं ते खोट्या धुराने आलेलं, आणि तेही चार महिने उशिरा.

हीच माझी खरी तक्रार. सिंगलमध्ये प्रत्येक खोट्या अलार्मची किंमत पाण्यात मोजावी लागते.

आता जाणकार म्हणतील, दोष सिंगलचा नाही, डिटेक्टरचा आहे. मान्य. धुराऐवजी उष्णतेची लिनिअर केबल (उष्णता ओळखणारी लांब तार) लावली असती, जनरेटरचा धूर बाहेर वळवला असता, तर ती रात्र आलीच नसती. आम्ही नंतर एक्झॉस्टची दिशा बदललीही. पण खानापूरच्या बाजूने येणारा वारा, आठवडाभर न थांबणारा पाऊस, डॉकवर उभे ट्रक, फाइलींची धूळ या सगळ्यात धुराचा डिटेक्टर कधीच खोटं बोलणार नाही अशी हमी मी तरी देणार नाही. आणि कागदाच्या खोलीत धुराचा डिटेक्टर न ठेवणंही पटत नाही. उष्णतेची वाट पाहायची म्हणजे पहिल्या दोन कपाटांची आशा सोडायची.

कोल्ड स्टोरेजमधल्या डबलने मला याच बाबतीत सवय बिघडवली, म्हणा. तिथे दाराच्या पडद्याजवळ धुकं साचायचं आणि डिटेक्टर वाजायचा. हूटर वाजे, पॅनेलवर लाल दिवा लागे, पण पाइपातली हवा जागच्या जागी. मी गेजकडे बघायचो, काटा हललेला नसायचा. खोलीत फेरी मारायची, पॅनेल रीसेट करायचं, वहीत नोंद करायची, झालं. शिडी नाही, बादली नाही. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण एकाही वेळी फिटरला वर चढवावं लागलं नाही एवढं आठवतं.

डबलचा त्रास वेगळा आहे आणि तो लपवत नाही. तिथे हवेला जपावं लागतं. एखादा जोड किंचित गळत असेल तर कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने खडखडतो, लो एअरचा बझर वाजतो, आणि रात्रपाळीचा माणूस बझरचं बटण दाबून झोपतो. हवा गेली की दोन अटींपैकी एक आपोआप पुरी झालेली असते. उरतो एकटा डिटेक्टर. म्हणजे तुम्ही पैसे डबलचे दिलेत आणि वापरताय सिंगल. आम्ही एकदा यातून थोडक्यात वाचलो: करंट गेला होता, कॉम्प्रेसर जनरेटरच्या लाइनवर जोडलेला नव्हता, हवा हळूहळू उतरत होती आणि आमचं लक्ष फ्रीझरच्या तापमानाकडे. काटा लाल खुणेच्या अगदी वर असताना एकाने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी कॉम्प्रेसर जनरेटरवर घेतला. तुम्ही डबल घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

ट्रिप टेस्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह खरोखर उघडून पाहायच्या चाचणीच्या, दिवशी डबल थोडा जास्त वेळ खातो. सर्वात लांबच्या टोकाचा टेस्टचा कॉक उघडून मी मनात आकडे म्हणत उभा असतो. हवा फुसफुसत जाते, मग पाइपातून धडधड येते, मग पाणी. मोठ्या सिस्टिमला ६० सेकंदांची मर्यादा असते. आमची त्याच्या आत आली, पण सिंगलच्या मानाने तो वेळ मनाला फार लांब वाटतो. खऱ्या आगीत तोच वेळ किती लांब वाटेल, हा विचार त्या कॉकपाशी उभं राहिल्यावर येतोच. म्हणूनच वर म्हटलं, उंच रॅक असतील तर माझं ऐकू नका.

आणखी एक गोष्ट, जी सिंगल-डबलच्या वादात कुणी बोलत नाही. व्हॉल्व्ह बाहेरून रीसेट होणारा घ्या. होनग्याचा व्हॉल्व्ह झाकण उघडून क्लॅपर हाताने बसवायचा होता. बोल्ट काढा, गॅस्केट चिकटलेलं खरवडा, क्लॅपर बसवा, झाकण लावा, मग कळतं की गॅस्केट फाटलंय आणि नवं बेळगावात आज मिळणार नाही. एनएफपीए २५ या देखभालीच्या मानकाप्रमाणे अशा व्हॉल्व्हची आतून तपासणी दरवर्षी, ट्रिप टेस्टबरोबर. झाकण न काढता रीसेट होणाऱ्याची ५ वर्षांतून एकदा चालते. किमतीतला फरक त्या पाच वर्षांत निघून जातो, असं मला वाटतं. कोटेशन घेताना या एका वाक्यावर अडून बसा.

तर नव्या हॉलला मी डबल घेतला. रॅक डोक्याएवढे, पंप आधीच मोठा होता, माणसं कमी, आणि पावसाळा आमचा तोच. तुमचं गणित वेगळं असू शकतं. खोली लहान असेल, स्टाफ चोवीस तास जागा असेल, जनरेटर लांब असेल, तर सिंगल तुम्हाला वर्षानुवर्षं त्रास देणार नाही, आणि स्वस्तही पडेल. पण कागदपत्रं सांभाळायची असतील आणि आसपास धूर-धुळीचं काही ना काही चालूच असेल, तर सिंगल घेण्याआधी एकदा शिडीवर चढून लो पॉइंटचा कॉक स्वतःच्या हाताने उघडून बघा, एवढंच म्हणेन.

आणि काहीही घेतलं तरी शेवटचं बिल देण्याआधी फिटरला बरोबर घेऊन सगळ्या पाइपाखालून चालत जा आणि जिथे पाइप झुकलाय तिथे पिवळ्या रंगाने नंबर टाका. आमच्या नव्या हॉलच्या नकाशात सहा लो पॉइंट होते. रंग टाकून झाला तेव्हा सात निघाले.